कॉलेज बास्केटबॉलचा ऑफेन्स कसा बघायचा: आधी उंच माणूस कुठे उभा आहे ते शोधा

आपल्याकडची बरीच मुलंमुली एमएस करायला अमेरिकेत जातात आणि पहिल्याच हिवाळ्यात कोणीतरी रूममेट म्हणतो चल आज मॅच आहे, स्टुडंट सेक्शनचं एक तिकीट उरलंय. आपण जातो, बँड वाजत असतो, सगळे उभे राहून ओरडत असतात आणि कोर्टवर नक्की काय चाललंय ते काही कळत नाही, बॉल इकडून तिकडे जातो, मध्येच कोणीतरी शॉट मारतो, आत गेला की सगळं स्टेडियम डोक्यावर. मी इंडियानात पर्ड्यूला होते, माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मग हळूहळू बघायला शिकले, आणि आता हे कॉलेज बास्केटबॉल मला इतकं आवडतं की भारतात परत आल्यावरसुद्धा मार्च महिन्यात पहाटे साडेचारला अलार्म लावून उठते. तर नवीन माणसाने ऑफेन्स, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना टीम पॉइंट करायला काय डाव टाकतेय ते, कसं ओळखायचं हे लिहितेय.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. टीम बॉल घेऊन कोर्टच्या मधल्या रेषेच्या पुढे आली की बॉलकडे बघू नका, टीममधला सगळ्यात उंच माणूस कुठे जाऊन उभा राहिलाय ते बघा. बास्केटच्या खाली, फाउलनंतर जिथून मोकळा शॉट मारतात त्या फ्री थ्रो लाइनच्या आसपास, की जिच्या बाहेरून मारलेल्या शॉटला तीन पॉइंट मिळतात त्या थ्रीच्या रेषेबाहेर. या तीनपैकी एक उत्तर मिळालं की पुढच्या वीस-पंचवीस सेकंदांत काय होणार याचा निम्मा अंदाज येतो. बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

बसण्याआधी हे चार नियम डोक्यात ठेवा

एनबीए म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग बघितली असेल तर काही सवयी सोडाव्या लागतील. मुलांच्या कॉलेज मॅचमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असतात, क्वार्टर नाहीत, मुलींच्या मॅचला मात्र दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचा, एनबीएत २४. थ्रीची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएत समोरून पावणेचोवीस फूट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एनबीएत डिफेन्सचा माणूस कोणाला मार्क न करता पेंटमध्ये म्हणजे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही, कॉलेजमध्ये असली बंदीच नाही, तो खुशाल ठाण मांडून बसू शकतो. म्हणून कॉलेजमध्ये आत जागा कमी, गर्दी जास्त, आणि ही गर्दी फोडायची कशी या एकाच प्रश्नाला प्रत्येक कोचने आपापलं उत्तर शोधलंय.

शॉट क्लॉकची पण गंमत आहे. मुलांच्या मॅचमध्ये पूर्वी तो नव्हताच. १९८२ ला एसीसी नावाच्या कॉलेजांच्या गटाच्या फायनलला नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी पुढे असताना शेवटची कित्येक मिनिटं नुसता बॉल फिरवत ठेवला, चार जण चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, याला फोर कॉर्नर्स म्हणायचे. समोर व्हर्जिनियाचा सात फूट चार इंचांचा राल्फ सॅम्पसन, स्मिथ यांच्याकडे मायकल जॉर्डन आणि जेम्स वर्दी, आणि एवढे सगळे असून स्कोअर ४७-४५. लोक वैतागले. १९८५-८६ पासून सगळीकडे ४५ सेकंदांचा क्लॉक आला, मग १९९३-९४ ला ३५, आणि २०१५-१६ पासून ३०. थ्री पण १९८६-८७ लाच सगळीकडे लागू झाला, तेव्हा रेषा फक्त पावणेवीस फुटांवर होती. या दोन बदलांनी जुना खेळ मोडून आजचा घडवला.

उत्तर पहिलं: उंच माणूस बास्केटच्या खाली

याला पोस्ट ऑफेन्स म्हणतात आणि हे मी सगळ्यात जास्त बघितलंय कारण आमच्याकडे झॅक ईडी होता. सात फूट चार इंच. मॅकी अरीनात तो पेंटच्या कडेला येऊन पाठीने डिफेंडरला दाबायचा, एक हात वर करून बॉल मागायचा, आणि तेवढ्यावरच लोक ओरडायला लागायचे. मी सुरुवातीला फक्त त्याच्याकडे बघायचे. शेजारी एक वयस्कर काका बसायचे, तिथलेच, बऱ्याच वर्षांपासून येणारे, त्यांनी एकदा मला सांगितलं की त्याला नको बघू, लांब कोपऱ्यात जो मुलगा उभा आहे ना त्याच्यावरचा डिफेंडर बघ, त्याचे पाय कुठे आहेत ते बघ.

मी बघितलं आणि डोळे उघडले. ईडीकडे बॉल गेला की कोपऱ्यातला तो डिफेंडर एक पाऊल आत सरकायचा, मदतीला. एकच पाऊल. आणि त्या क्षणी ईडी वळून शॉट न मारता बॉल बाहेर फेकायचा, कोपऱ्यातला मुलगा मोकळा, थ्री. डिफेंडर आत सरकला नाही तर ईडी आत दोन पॉइंट घेणार. इकडे आड तिकडे विहीर, हाच पोस्ट ऑफेन्सचा सगळा जीव.

पण बाहेरचे शॉट पडत नसतील तर? २०२३ च्या मार्चमधल्या राष्ट्रीय टूर्नामेंटमध्ये पहिल्या सीडची (सीड म्हणजे टीमला आधीच दिलेला क्रमांक, १ सगळ्यात वरचा, १६ सगळ्यात खालचा) पर्ड्यू सोळाव्या सीडच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरली. ती टीम उंचीने डिव्हिजन वन म्हणजे कॉलेजांच्या सर्वोच्च गटातली सगळ्यात लहान होती! त्यांनी ईडीच्या पुढे एक माणूस, मागे एक माणूस असं घेरलं आणि बाकीच्यांना सांगितलं मारा थ्री. पर्ड्यूने २६ मारले, ५ गेले. ईडीने तरी २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड (म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढले, पण मॅच गेली. कॅम्पसवर दोन दिवस कोणी धड बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी तोच ईडी, तेच कोच मॅट पेंटर, पण टीमचे थ्री ४० टक्क्यांच्या आसपास पडायला लागले आणि पर्ड्यू थेट फायनलला. तिथे यूकॉनने म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कनेटिकटने उलटं केलं. त्यांनी ईडीवर एकच माणूस ठेवला, सात फूट दोन इंचांचा डॉनोव्हन क्लिंगन, आणि कोपऱ्यातले डिफेंडर जागचे हललेच नाहीत. ईडीने ३७ पॉइंट केले. पर्ड्यूला अख्ख्या मॅचमध्ये फक्त ७ थ्री मारायला मिळाले, १ गेला, स्कोअर ७५-६०. मला वाटतं पोस्ट ऑफेन्स समजून घ्यायला या दोन मॅचेस पाठोपाठ बघाव्यात, दुसरं काही वाचायची गरज नाही. एकात मदतीला सगळे आले, दुसऱ्यात कोणीच आलं नाही, आणि दोन्हीकडे उंच माणूस चांगलाच खेळला.

उत्तर दुसरं: उंच माणूस फ्री थ्रो लाइनवर

आता बास्केटखाली कोणीच नाही. उंच माणूस वर आला म्हणजे त्याच्यावरचा उंच डिफेंडर पण वर ओढला गेला, आणि मागे सगळं घर रिकामं. इथे प्रिन्स्टन ऑफेन्स बघायचा. पीट कॅरिल १९६७ पासून १९९६ पर्यंत प्रिन्स्टनला कोच होते, तिथे स्कॉलरशिप देऊन खेळाडू आणता येत नाहीत, त्यामुळे उंच, वेगवान पोरं मिळायची नाहीत, मग त्यांनी असा खेळ बसवला की पाचही जणांना पास देता आला पाहिजे, शॉट मारता आला पाहिजे, आणि समोरच्याची घाई त्याच्याच अंगाशी आली पाहिजे.

याचं हत्यार म्हणजे बॅकडोर कट. आपल्या कबड्डीतली हुलकावणी आठवा. खेळाडू बाहेर बॉल घ्यायला येतोय असं दाखवतो, डिफेंडर पास अडवायला अंगावर येतो, आणि त्याचं वजन पुढे गेलं रे गेलं की हा त्याच्या पाठीमागून बास्केटकडे पळतो.

१४ मार्च १९९६, इंडियानापोलिस. समोर यूसीएलए, आधीच्या वर्षीचे चॅम्पियन. कॅरिल यांनी निवृत्त होतोय असं पोरांना आधीच सांगून टाकलं होतं. स्कोअर ४१-४१, शेवटचं पझेशन, म्हणजे बॉल ताब्यात असण्याची एक पाळी. उंच स्टीव्ह गुडरिच वर बॉल घेऊन उभा, बास्केटकडे पाठ नाही, तोंड करून. गेब लेव्हुलिस बाजूने आत कट मारतो, डिफेंडर बरोबर येतो, पास मिळत नाही. कोणीही दुसरा असता तर तिथेच थांबला असता. लेव्हुलिस परत बाहेर येतो, बॉल मागितल्यासारखं करतो, डिफेंडर यावेळी जरासा जास्त पुढे येतो, आणि हा पुन्हा आत. गुडरिचचा जमिनीवर एक टप्पा देऊन पास, लेअप म्हणजे अगदी जवळून हलकेच टाकलेला शॉट, ४३-४१. चार सेकंद सुद्धा राहिले नव्हते. व्हिडिओ शोधून बघा, आणि बघताना लेव्हुलिसकडे नाही तर त्याच्या डिफेंडरच्या खांद्यांकडे बघा, खांदे बाहेर वळले त्या क्षणी मॅच संपली.

आजही कुठल्याही टीमचा सेंटर म्हणजे तो उंच माणूस फ्री थ्रो लाइनजवळ बॉल घेऊन उभा राहिला आणि बाकीचे त्याच्याभोवती फिरायला लागले की समजा कॅरिल यांचंच काहीतरी चाललंय, नावं वेगवेगळी असतात.

उत्तर तिसरं: उंच माणूस पण बाहेर

पाचही जण थ्रीच्या रेषेबाहेर, याला फाइव्ह आउट म्हणतात. यासाठी सेंटरला शॉट मारता यायलाच हवा, नाहीतर त्याचा डिफेंडर निवांत आतच उभा राहील. जे राइट यांची व्हिलानोव्हा बघा, २०१८ च्या फायनल फोरमध्ये म्हणजे सेमीफायनलला कॅन्ससविरुद्ध त्यांनी १८ थ्री मारले आणि ९५-७९ जिंकले. पण ते नुसते बाहेरून फेकत नव्हते. ड्रिबल करत आत घुसायचे, दोन्ही पाय टेकून गच्च थांबायचे, उडी नाही, घाई नाही, तिथून वळून बघायचे कोण मोकळा आहे. नवीन खेळाडू आत घुसला की हवेत उडून मग पास शोधतो आणि बॉल घालवतो, व्हिलानोव्हाची पोरं पाय जमिनीवर ठेवून शोधायची. इतकी साधी गोष्ट, आणि दोन चॅम्पियनशिप.

अलाबामाचे नेट ओट्स आधी शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या टीमचा खेळ पण हिशोबाचा, एकतर बास्केटच्या अगदी जवळ नाहीतर थ्री, मधल्या जागेतून शॉट जवळपास नाहीच. गणित सोपं आहे. समजा थ्री १०० पैकी ३४ पडतात, म्हणजे १०२ पॉइंट. मधल्या अंतरावरून ३८ पडतात, म्हणजे ७६ पॉइंट. जास्त शॉट पडूनसुद्धा पॉइंट कमी. हे एकदा कळलं की आजच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये मधली जागा ओस का पडलीय ते कळतं.

आता एकाच खेळाडूचा पाठलाग करा

उंच माणूस सापडायला लागला की पुढची पायरी. एक पझेशन, एक खेळाडू, आणि तो बॉलवाला नसला पाहिजे. शूटर निवडा. त्याच्या मागे डोळे लावून ठेवा, बॉल कुठेही जाऊ दे.

यासाठी डॅन हर्ली यांच्या यूकॉनसारखी टीम नाही, २०२३ आणि २०२४ सलग दोनदा चॅम्पियन. २०२४ ला इलिनॉयविरुद्ध २३-२३ बरोबरी होती आणि तिथून सलग ३० पॉइंट, समोरच्याला शून्य, ५३-२३. त्यांच्या शूटरचा पाठलाग केलात तर दमायला होतं, तो एका कोपऱ्यातून निघतो, एक मित्र वाट अडवून उभा असतो त्याच्या खांद्याला खांदा घासत जातो म्हणजे मागचा डिफेंडर त्या मित्रावर आदळतो, लगेच दुसरा अडवायला तयार, मग वर येऊन सेंटरच्या हातातून बॉल घेतो आणि तसाच आत. ही वाट अडवणं म्हणजे स्क्रीन. आणि यात बघायचं ते असं की पहिला स्क्रीन बऱ्याचदा फसवा असतो, डिफेंडरला पळायला लावायला, खरा डाव दुसऱ्या-तिसऱ्याला असतो. आणि ज्याने स्क्रीन लावला त्याला विसरू नका, सगळे शूटरच्या मागे धावतात आणि तो गुपचूप बास्केटखाली मोकळा.

पाचसहा पझेशन असं केलंत की अजून एक गोष्ट दिसायला लागेल, काही टीम तेच तेच चक्र फिरवत राहतात, काही दरवेळी नवीन डाव टाकतात आणि काहींचा डाव ठरलेलाच नसतो. चक्रवाल्याला कंटिन्युइटी म्हणतात. मेरीलँड २००२ ला चॅम्पियन झाली ती फ्लेक्स नावाच्या अशाच चक्रावर, बेसलाइनला म्हणजे बास्केटमागच्या रेषेजवळ स्क्रीन, आत कट, मग स्क्रीन लावणाऱ्याला स्क्रीन, पुन्हा दुसऱ्या बाजूने तेच. समोरच्याला माहीत असतं काय येणार, तरी चाळीस मिनिटं प्रत्येक वेळी जागरूक राहणं अवघड असतं. ठरलेलं काही नाही, फक्त तत्त्वं आणि समोरच्याचं बघून निर्णय, हा मोशन ऑफेन्स, बॉब नाइट यांची इंडियाना १९७६ ला ३२-० अशी एकही मॅच न हरता चॅम्पियन झाली, त्यानंतर मुलांमध्ये आजपर्यंत मी तरी असं दुसरं बघितलं नाही.

वेग मोजा, पण पॉइंटवरून नाही

नवीन माणूस म्हणतो ९० पॉइंट केले म्हणजे ऑफेन्स भारी, ६० केले म्हणजे वाईट. तसं नसतं. एका टीमला मॅचमध्ये साधारण ६५ ते ७० पझेशन मिळतात, पण हळू खेळणाऱ्याला कमी, वेगवान खेळणाऱ्याला जास्त. म्हणून पॉइंटला पझेशनने भागायचं. एका पझेशनला एक पॉइंटच्या वर चांगलं, एक पूर्णांक दोनच्या आसपास म्हणजे अफाट. आकडेवारीवाले केन पॉमरॉय यांची रँकिंग याच हिशोबावर चालते, शंभर पझेशनला किती. मी वहीत रेघा ओढायचे, प्रत्येक पझेशनला एक उभी रेघ आणि त्याखाली ०, १, २ किंवा ३. एका हाफचं केलंत तरी पुरे.

टोनी बेनेट यांची व्हर्जिनिया अतिशय संथ खेळायची, लोक कंटाळवाणं म्हणायचे, २०१८ ला मुलांमध्ये सोळाव्या सीडकडून हरणारी पहिली नंबर वन सीड पण तीच, ७४-५४. एका वर्षाने त्याच संथ खेळाने चॅम्पियन. मला त्यांचा खेळ मनापासून आवडायचा, दोन मोठे खेळाडू नुसते स्क्रीन लावत राहायचे आणि तीन जण पळत राहायचे, घाई म्हणून नाहीच.

दुसऱ्या टोकाला लॉयोला मॅरीमाउंट, कोच पॉल वेस्टहेड, १९८९-९० ला मॅचमागे सरासरी १२२.४ पॉइंट. बॉल मिळाला की सात-आठ सेकंदांत शॉट. त्या टीमचा हँक गॅदर्स ४ मार्च १९९० ला कोर्टवर कोसळला आणि गेला. त्याचा मित्र बो किंबल उजव्या हाताचा, पण हँक फ्री थ्रो डाव्या हाताने मारायचा म्हणून त्या टूर्नामेंटमध्ये बोने प्रत्येक मॅचचा पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने मारला. पहिला मारला तो गेलासुद्धा. मग त्या टीमने आदल्या वर्षीच्या चॅम्पियन मिशिगनला १४९-११५ हरवलं. हे मी जेव्हा जेव्हा कोणाला सांगते तेव्हा माझा गळा भरून येतो.

झोन आला तर

डिफेन्सवाले माणूस न पकडता जागा पकडून उभे राहिले, दोन पुढे तीन मागे, तर तो झोन. सिराक्यूजचे जिम बोहाइम वर्षानुवर्षं हाच खेळले. अशा वेळी परत तोच प्रश्न, उंच माणूस कुठे? तो फ्री थ्रो लाइनवर मधोमध गेला पाहिजे, तिथे बॉल पोचला की झोनला पाचही जण आत वळवावे लागतात. तिथे बॉल न पोचता नुसता बाहेर बाहेर फिरतोय असं दिसलं तर समजायचं ऑफेन्स अडकलाय.

मुलींच्या मॅचेस सोडू नका

खरं तर शिकायला मुलींच्या मॅचेस जास्त चांगल्या, उडी मारून डंक करण्यावर कमी आणि पास, कट, स्क्रीनवर जास्त खेळ असतो त्यामुळे डाव स्पष्ट दिसतो. आयोवाची केटलिन क्लार्क इतक्या लांबून थ्री मारायची की डिफेंडरला अर्ध्या कोर्टपासूनच अंगावर यावं लागायचं, आणि तेवढी जागा मागे मोकळी, मग तिचे पासेस. कारकिर्दीत ३,९५१ पॉइंट. २०२४ ची मुलींची फायनल, साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७-७५ हरवलं ती, अमेरिकेत मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली.

सध्या काय बदलतंय

२०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवता येतात आणि एका कॉलेजातून दुसरीकडे गेलं तरी वर्ष वाया न घालवता लगेच खेळता येतं. त्यामुळे दरवर्षी निम्मी टीम नवीन. माझं मत असं की याने प्रिन्स्टनसारखे तीन-चार वर्षं मुरवावे लागणारे ऑफेन्स मोठ्या कॉलेजांत अवघड झालेत, कोच सोपा, लवकर शिकवता येणारा खेळ घेतात, बॉल स्क्रीन म्हणजे बॉलवाल्यासाठी लावलेला स्क्रीन आणि चार जण बाहेर. दुसरीकडे खेळाडू वयाने मोठे, मजबूत, त्यामुळे चुकलेल्या शॉटचा रिबाउंड स्वतःच घेऊन परत मारणं याला फार किंमत आलीय. २०२५ ची फायनल, फ्लोरिडा ६५ ह्यूस्टन ६३, दोन्ही टीम या कामात तरबेज. शॉट उडाला की बॉलकडे न बघता आत किती जण धावले ते मोजा.

सीझन नोव्हेंबरच्या सुरुवातीला चालू होतो. भारतातून बघणार असाल तर मार्चमधल्या ६८ टीमच्या टूर्नामेंटच्या पहिल्या फेरीचे दोन दिवस सोयीचे, गुरुवार-शुक्रवारी दुपारच्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेनऊ-दहाच्या सुमाराला लागतात. मुलांची फायनल मंगळवारी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी. पहिल्या मॅचला वही वगैरे नको, फक्त पहिला हाफ बघा आणि प्रत्येक पझेशनला मोठ्याने म्हणा, आत, लाइनवर, की बाहेर. दुसऱ्या हाफला शूटर पकडा.